निळी ओळ

१

बंगळूर नावाचं एक नगर आहे. त्यात के. आर. पुरम, तिथं रेल्वेच्या रुळांकडे तोंड केलेली एक इमारत, आणि इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहते. ती मी, सकवारबाई. आजीला एक मुलगा, गिरीराज. तो आनेकलच्या कारखान्यात जातो, दिवे लागल्यावरच घरात दिसतो. त्याची बायको कौशल्या. त्यांना दोन लेकरं. विराट कॉम्प्युटरवर काम करतो, तेही घरात बसून. धाकटी अक्षरा बावीस वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. आणि आजीला एक नवरा होता, मल्हारराव. ते एकोणीस वर्षांपूर्वी गेले. निदान आम्ही तसं समजत होतो.

आधी अक्षराचं सांगते. तिला सगळं कळतं. रमी खेळताना मी पान लपवलं तर पहिली हसते ती, आणि हसते ती अख्ख्या अंगानं, खुर्चीसकट. पण जन्मापासून तोंडातून शब्द फुटत नाही आणि हात तिचं ऐकत नाहीत. आम्ही तिच्या डोळ्यांवरून ओळखायचो. ओळखायचो म्हणजे काय, आपल्याला सोयीचं तेच ओळखायचो. तिला भात नको असायचा आणि कौशल्या म्हणायची, "बघा ना आई, कशी भाताकडे बघतेय!"

गेल्या वर्षी सर्जापूर रोडला अशा मुलामुलींसाठी एक केंद्र निघालं. तिथं चित्रं काढतात, मेणबत्त्या करतात, मैत्रिणी मिळतात. तिथल्या वासंती मॅडम घरी आल्या. पुण्याच्या, बोलायला गोड, नियमाला कडक. म्हणाल्या, "आमच्याकडे एकच सीट उरलीय. पण आमचा रूल आहे. यायचंय की नाही, हे अक्षरानं स्वतः सांगायचं. आईनं नाही, भावानं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि आजींनी तर मुळीच नाही."

मी तोंड उघडलंच होतं, ते मिटलं.

"पंधरा दिवसांनी शुक्रवारी येते. तेव्हा विचारीन. नाही सांगता आलं तर सीट दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल, सॉरी."

मॅडम गेल्या. अक्षरानं दाराकडे बघत जो हात खुर्चीवर आपटला, तो मला अजून ऐकू येतो.

२

विराटनं त्याच दिवशी काम हातात घेतलं. त्यानं पडद्यावर एक मोठी काळी खिडकी केली. कॉम्प्युटरवाल्यांत त्याला खिडकीच म्हणतात. काळी अशासाठी की पांढऱ्या उजेडानं अक्षराचे डोळे पाणावतात. त्या काळ्यावर सहा रंगांचे सहा चौकोन. कीबोर्डवर एकमेकांपासून लांब असलेली सहा बटणं निवडली आणि मी माझ्या पाकिटातल्या तिकल्या त्यांच्यावर चिकटवल्या. मला अक्षरं येत नाहीत, रंग येतात. निळी तिकली म्हणजे पाणी, पिवळी म्हणजे भूक, लाल म्हणजे दुखतंय, हिरवी म्हणजे हो, काळी म्हणजे नको. सहावं काय ठेवायचं? अक्षराला विचारत विचारत विराटनं शंभर वाक्यं वाचली, आणि एका वाक्याला ती इतकी हसली की तेच ठेवावं लागलं. जांभळी तिकली: "आजी, गप्प बस."

आवाज दिला शेजारच्या सुखदानं. मी देणार होते, पण विराट म्हणाला, "आजी, बावीस वर्षांची मुलगी तुझ्या आवाजात बोलली तर लोक पळतील."

पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता, भांडी झाल्यावर, अक्षराला टेबलाशी बसवलं. तिचा डावा हात हवेत दोन फेऱ्या मारून निळ्या तिकलीवर पडला. आणि पडला तो पडला.

"पाणी पाणी पाणी पाणी पाणी पाणी..."

थांबेचना! विराट इकडे धावतोय, कौशल्या तिकडे, अक्षरा हसतेय, हसण्यानं बोट आणखीच रुततंय. समोरच्या घरातली बाई कळशी घेऊन दारात. "अक्का, नीरु बेका? नळ गेला का?"

मग विराटनं मला समजावलं. बोट बटणावर राहिलं की कॉम्प्युटरला वाटतं, माणूस पुन्हा पुन्हा दाबतोय. त्यावर त्यानं तोड काढली. आता शब्द बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर निघणार. दाबलं की कोपऱ्यातल्या छोट्या पट्टीत एक पांढरी ओळ उमटायची, सोडलं की एक निळी. पांढऱ्याखाली निळी, पांढऱ्याखाली निळी, जोडप्यासारख्या. मला वाचता येत नाही, पण जोडपं मोडलेलं मला लांबून कळतं.

तोड चांगली होती. पण अक्षराला दाबता यायचं, उचलता यायचं नाही. बोट एकदा खाली गेलं की मनगट लाकडासारखं कडक. पांढरी ओळ उमटायची, आणि निळीची वाट बघत आम्ही सगळे बसायचो. शेवटी कौशल्या तिचं मनगट धरून वर करायची, तेव्हा आवाज यायचा. "भूक."

"हे असं नाही चालणार अम्मा," विराट म्हणायचा. "हात लावला तर मॅडम म्हणतील, तुम्हीच बोललात."

शुक्रवारला नऊ दिवस उरले होते.

३

आता ते सांगते.

बुधवार होता. जेवण झालं होतं. अक्षरा खुर्चीत डुलक्या घेत होती, तिचे दोन्ही हात मांडीवर. कौशल्या वाळत घातलेले कपडे काढत होती. विराट आत फोनवर. मी पडद्यासमोर मेथी निवडत बसले होते, कारण पंखा तिथंच.

पट्टीत एक निळी ओळ आली.

वर पांढरी नव्हती. मी मेथीची काडी हातात तशीच धरून बघत राहिले. दुसरी निळी. तिसरी. चौथी. पांढरी एकही नाही. दाबलं कोणीच नव्हतं आणि सोडत मात्र कोणीतरी होतं.

मी विराटला हाक मारली. तो आला, बघितलं, हसला. "स्वल्प थांब आजी, घाबरू नको. हे होतं. समज, दाबताना दुसरीच खिडकी पुढे होती आणि सोडताना आपली पुढे आली. मग दाबल्याचं त्या खिडकीला कळतं, आपल्याला फक्त सोडल्याचं कळतं."

"सरी, ठीक," मी म्हटलं. "पण दुसरी खिडकी कुठाय?"

त्यानं पडद्यावर इकडे तिकडे पाहिलं. दुसरी कुठलीच उघडी नव्हती. "असेल काहीतरी," म्हणाला. "धूळ असेल आत."

धुळीचं मलाही पटलं. रुळांजवळचं घर, धूळ असतेच. मी मेथी निवडली, पातळ भाजी केली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून फरसाणाची शेव निघाली, आणि विराटनं फरसाणाचा डबा उचलून आत नेला.

दोनची पॅसेंजर गेली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, थांबल्या. मग मी कान दिला. बटणाला दोन आवाज असतात, हे तुम्ही कधी ऐकलंय का? खाली जाताना ठळक 'टक्', वर येताना हलकं 'टिक्'. दुसरा कोणी ऐकत नाही. मी बारा वर्षं भिंतीआडून ऐकलाय, म्हणून मला येतो.

टिक्. थोडं थांबून, टिक्. टिक्. टिक्.

टक् नव्हतंच.

४

मल्हारराव आनेकलला बस स्टँडसमोर टायपिंगचा क्लास चालवायचे. दहा मशिनं, एक बाक, एक मातीचा माठ. पार्टिशनच्या अलीकडे आमचा संसार. मी चुलीशी आणि पलीकडे दहा पोरंपोरी. ते मोठ्यानं म्हणायचे, "ए, एस, डी, एफ!" आणि दहा मशिनं एकदम बोलायची. पहिला धडा तोच, डाव्या हाताची चार बोटं, करंगळीपासून. मला ती अक्षरं बघून ओळखता येणार नाहीत, पण पाठ आहेत, अंगाईसारखी.

त्यांच्या शिकवण्याची एक तऱ्हा होती. नवीन पोर बटणावर बोट ठेवून बसायचं, उचलायचंच नाही. हे ओरडायचे नाहीत. आपला तळवा त्याच्या तळव्याखाली सरकवायचे, आणि खालून अलगद उचलायचे. म्हणायचे, "दाबायचं तुझं तू. उचलायला मी आहे." महिन्याभरात पोर स्वतः उचलायला लागायचं, मग हे हात काढून घ्यायचे. पोराला कळायचंही नाही कधी काढला.

आणि त्यांचं डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी बसच्या दारात सापडून वाकडं झालेलं. ते 'एस'वरून नेहमी उशिरा उठायचं. दहा मशिनांत त्यांचं मशीन मी डोळे मिटून ओळखायची.

शुक्रवारी, म्हणजे आठ दिवस आधीच्या शुक्रवारी, मी विराटला सहज म्हणून विचारलं, "त्या निळ्या ओळींत कुठली बटणं आहेत रे?"

त्यानं वाचलं. "ए. एस. डी. एफ. परत ए. एस. डी. एफ. गंमतच आहे. तिकलीचं एकही नाही यात."

"आणि वेळ?"

"प्रत्येक ओळीपुढे वेळ येतेच. रोज दोन-दहाला सुरू." मग तो पडद्याजवळ वाकला. "एस दर वेळी उशिरा येतोय. सगळ्यांत सारखं अंतर, फक्त एस..."

मी हातातला पेला टेबलावर ठेवला.

मी सांगितलं नाही त्याला. काय सांगणार? म्हातारी झाले, दुपारच्या उन्हात कान वाजतात, एकोणीस वर्षं एकटी झोपलेय, वाटणारच काहीतरी. मी स्वतःला हे तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा समजावताना मी हसत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

५

सोमवारी दोन-दहाला मी एकटी टेबलाशी बसले. कौशल्या अक्षराचे केस धूत होती, न्हाणीघरातून अक्षराचं खिदळणं ऐकू येत होतं.

मी चार बोटं त्या चार बटणांवर ठेवली. कुठली ते विराटला विचारून ठेवलं होतं. दाबली आणि घट्ट धरून बसले. मनात म्हटलं, आता बघू, कोण उचलतंय.

आधी काहीच नाही. पंख्याची घरघर. रुळांवरून इंजिन सुटं गेलं.

मग करंगळी वर आली.

मी उचलली नव्हती. मी दाबतच होते, नख पांढरं पडेस्तोवर. आणि ती वर आली, कुणीतरी खालून बोटाचं टोक टेकवून उचलावी तशी. मग थांबणं. मग दुसरं बोट, उशिरानं, जरा तिरकं. मग तिसरं. मग चौथं.

माझ्या तळव्याखाली प्लास्टिक होतं, दुसरं काही नव्हतं. पण ते गरम होतं.

हात झटकून मी जी उठले ती थेट देव्हाऱ्यापाशी. निरांजन लावायला काडी ओढली आणि एकदम आठवलं: लग्नानंतर एकदा हौसेनं मी त्यांच्या मशीनवर बसले होते, तेव्हाही अशीच बोटं रुतवली होती. तेव्हाही खालून हात आला होता. पार्टिशनपलीकडे कोणी नव्हतं म्हणून, नाहीतर ते कसले धीट! काडी विझली आणि मी देवापुढे फिदीफिदी हसले.

कौशल्या ओल्या हातांनी धावत आली. "आई, काय झालं?"

"काही नाही. तुझे सासरे आठवले."

"म्हणून हसताय?"

"रडण्यासारखे नव्हतेच ते."

त्याच संध्याकाळी विराट खुशीत म्हणाला, "आजी, तुझ्या भुताचा बंदोबस्त केला. आता प्रोग्राम लक्षात ठेवतो कुठलं बटण दाबलंय. जे दाबलंच नाही ते सुटलं, तर ओळ दिसेल, पण मोजली जाणार नाही. शब्द निघणार नाही."

मी म्हटलं, "छान केलंस." पण रात्रभर एकच घोर. आपण दार लावून घेतलं की काय?

६

शुक्रवार उजाडला. कौशल्यानं अक्षराला मोरपंखी चुडीदार घातला, गजरा माळला. वासंती मॅडम पावणेदोनला आल्या. कॉफी नको म्हणाल्या, मग घेतली.

"कोणी टच करायचं नाही हं. मी सांगेपर्यंत कोणी बोलायचंही नाही."

विराटनं त्यांना खिडकी दाखवली. "दाबल्याशिवाय सुटलेलं मोजत नाही मॅडम. म्हणजे जो शब्द येईल, तो तिनं दाबलेलाच असणार."

"परफेक्ट." मॅडम अक्षरासमोर बसल्या. "अक्षरा, तुला आमच्याकडे यायचंय का?"

तिचा हात उठला. हवेत एक फेरी. दुसरी. काळ्या तिकलीवरून गेला, पुढे गेला, आणि हिरव्या तिकलीवर पडला. पांढरी ओळ उमटली.

आणि बोट रुतलं.

मनगट कडक झालं. मान वाकडी झाली, कपाळावर घाम. घरात फक्त पंखा. विराट भिंतीला टेकून मुठी आवळत होता. कौशल्यानं पदर तोंडात धरला होता. मॅडम घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण बघायचं नाही असं ठरवून बघत नव्हत्या. पांढऱ्याखालची जागा रिकामी. अक्षरा माझ्याकडे बघत होती. त्या डोळ्यांत काय होतं, हे मला या वेळी सोयीचं करून वाचायचं नव्हतं.

पॅसेंजर आली, काचा थरथरल्या, गेली. दोन-दहा.

मला गप्प बसायला सांगितलं होतं. पण मी आयुष्यात कधी बसलेय?

"अहो," मी म्हटलं. हळूच, पार्टिशनपलीकडे हाक जावी तशी. "पोरगी खोळंबलीय."

"आजी, प्लीज!" मॅडम वळल्या.

म्हणून त्यांनी पाहिलं नाही. विराट बहिणीच्या तोंडाकडे बघत होता, कौशल्यानं डोळे मिटले होते. पाहिलं ते मीच. त्या काळ्या खिडकीत दुपारच्या उजेडानं आरशासारखं दिसतं. त्यात अक्षराचा हात दिसत होता, गोरा, घामेजलेला. आणि त्याखाली, तिचा तळवा आणि बटणं यांच्यामध्ये, आणखी एक हात होता. सावळा. एक बोट वाकडं.

पापणी लवली आणि तिथं फक्त अक्षराचा हात. पण तो वर येत होता. सावकाश, मनगटापासून, कडकपणा पाण्यात साखर विरघळावी तसा जात. बोट सुटलं.

टिक्.

पांढऱ्याखाली निळी ओळ आली, आणि माझी नात बावीस वर्षांत पहिल्यांदा बोलली.

"हो."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "अक्षरा, खात्री करायला अजून एक विचारते. मी हे तुझ्याऐवजी तुझ्या आईला विचारू का?"

हात उठला, पडला, आणि या वेळी लगेच सुटला. "नको."

कौशल्या रडत रडत हसली. मी म्हटलं, "बघा मॅडम, मी सांगत होते ना, ही पहिल्यापासून हुशार, हिचे आजोबा पण..."

जांभळी तिकली. टक्. टिक्.

"आजी, गप्प बस."

मग काय विचारता! मॅडमच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात हसू. विराट जमिनीवर बसला आणि पोटावर हात धरून लोळला. समोरची बाई पुन्हा दारात, या खेपेला कळशीशिवाय. "अक्का, एनायतु, एवढं हसायला काय झालं?"

"आमची पोरगी बोलली," मी म्हटलं, "आणि पहिल्याच दिवशी उलट बोलली."

सगळं शांत झाल्यावर मी मनाशी हिशोब जुळवला. पांढरी ओळ अक्षराची. यायचंय, हे तिनंच ठरवलं, तिनंच दाबलं. दाबायचं ज्याचं त्यानं. यात ते कधीच बदलले नाहीत.

७

त्या दिवसापासून आमच्या घरी एकटी निळी ओळ आली नाही. मी दोन-दहाला मेथी घेऊन बसायची, वाटाणे घेऊन बसायची. काही नाही. अक्षरा रोज सकाळी केंद्राच्या गाडीनं जाते, विराटनं तिथल्या मशीनवरही तीच काळी खिडकी बसवून दिली, आणि तीन महिन्यांत तिचं बोट आपलं आपण सुटायला लागलं. भात नको असला की नको म्हणते, आणि कौशल्या आता पोळ्या जास्त करते. मला जरा चुकल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण पोराला उचलता यायला लागलं की ते हात काढून घ्यायचे, हे मला माहीत होतं.

परवा वासंती मॅडमचा फोन आला. विराटनं स्पीकरवर लावला.

"आजी, एक सांगायचं होतं. आमच्याकडे शाल्मली म्हणून सहा वर्षांची नवीन मुलगी आलीय. तिचंही बोट तसंच अडकतं. आज अक्षरानं काय केलं माहितीय? आपला हात तिच्या हाताखाली सरकवला. खालून. आणि उचललं! आम्ही सगळे बघत राहिलो. हे तिला कोणी शिकवलं?"

विराट माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे.

"म्हणून आम्ही ठरवलंय, पुढच्या महिन्यापासून तिला छोट्या मुलांची असिस्टंट टीचर करायचं. ऑफिशियल! मुलं आत्ताच तिला अक्का म्हणतात. आणि हो, विराट, तुझ्या प्रोग्राममध्ये काहीतरी गडबड आहे बरं का. दुपारी दोन-दहाला आमच्या मशीनवर निळ्या ओळी येतात. पांढऱ्या नाहीत, नुसत्या निळ्या. ए, एस..."

"एस उशिरा येतो ना?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"असू दे मॅडम. राहू द्या त्या ओळी. क्लास सुरू झाला असेल."

त्या रात्री मी पुरणाचा घाट घातला. गिरीराजनं येताना अक्षरासाठी नवी साडी आणली, टीचरची साडी, हिरव्या तिकलीच्या रंगाची. तिनं ती मांडीवर घेतली, हात फिरवला आणि कीबोर्डाकडे वळली. "हो," म्हणाली, "हो, हो, हो," आणि बटण अडकलं नव्हतं. असा आमच्या मुक्या घराला शब्द मिळाला, शब्दाला मान मिळाला. ज्यांच्या घरी तो बोटाखाली अडकून राहिलाय, त्यांच्याही घरी तो असाच अलगद सुटो.